नेट ३०० एमबीपीएसचं, तरी लाथ उशिरा का दिसते? फायटिंग गेममधला रोलबॅक, सोप्या भाषेत

घरात ३०० एमबीपीएसचं फायबर, सिनेमा फोर-केमध्ये न अडखळता चालतो, आणि तरी ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये समोरच्याची लाथ कुठून आली हे कळायच्या आत पोटात बसलेली असते. मग राउटरला शिव्या, कंपनीला फोन, प्लॅन थेट ५०० चा. फरक शून्य.

कारण फायटिंग गेमला त्या अर्थाने वेग जवळपास लागतच नाही. मॅच चालू असताना तारेतून जातं ते एवढंच: कांडी (जॉयस्टिक) कुठल्या दिशेला आहे आणि कुठली बटणं दाबलेली आहेत. हे दोन बाइटमध्ये मावतं. सेकंदाला ६० वेळा पाठवायचं, प्रत्येक पॅकेटवर (माहितीच्या पुडक्यावर) पत्त्याचं ओझं, वर मागची काही इनपुटं पुन्हा जोडून, असं सगळं धरलं तरी हिशेब सेकंदाला पाच-दहा किलोबाइटच्या आसपास थांबतो. जुन्यातल्या जुन्या ब्रॉडबँडलाही हे झेपतं. गेमला हवं असतं ते वेगळंच: प्रत्येक पॅकेट ठरल्या वेळी, आधीच्याइतक्याच वेळात पोचलं पाहिजे. सिनेमाला दोन सेकंद आधीचा साठा करून ठेवता येतो. समोरचा पुढच्या दोन सेकंदांत काय दाबणार आहे, याचा साठा कुठून करणार?

१६ मिलिसेकंदांचा हिशेब

जवळपास सगळे फायटिंग गेम सेकंदाला ६० फ्रेमवर (चित्रांवर) चालतात, म्हणजे एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंदांची. या गेममधला प्रत्येक वार फ्रेममध्येच मोजतात. ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये बऱ्याच पात्रांचा सगळ्यात चपळ ठोसा चौथ्या फ्रेमला लागतो, साधी पकड पाचव्या, आणि तो रंग उधळत येणारा ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’ २६व्या. ‘टेकन’मध्ये बहुतेकांचा पहिला ठोसा १० फ्रेमांचा.

आता ड्राइव्ह इम्पॅक्ट बघून उलटा ड्राइव्ह इम्पॅक्ट मारायचा असेल तर हातात किती वेळ असतो? एकूण २६ फ्रेम, म्हणजे साधारण ४३३ मिलिसेकंद. डोळ्यांनी बघून बोट हलायला माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. १५ फ्रेम तिथेच गेल्या. टीव्ही, कंट्रोलर आणि गेमचा स्वतःचा उशीर मिळून आणखी चार-पाच. उरल्या सहा फ्रेम, १०० मिलिसेकंद. इंटरनेट आपला वाटा कापून घेतं तो या १०० मधून. ऑफलाइन जो ड्राइव्ह इम्पॅक्ट दहापैकी आठदा परतवता येतो, तो ऑनलाइन चारदाच परततो, त्याचं कारण हे.

आणि इंटरनेटच्या वाट्याला एक किमान दर आहे, तो कुणालाच कमी करून मिळत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १००० किलोमीटरला जायला ५ मिलिसेकंद आणि जाऊन परत यायला १०. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३९०० किलोमीटर, म्हणजे ३९ च्या खाली पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) निसर्गातच नाही. प्रत्यक्षात केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून समुद्रात शिरते, वळसे घेते, मध्ये यंत्रं लागतात, आणि आकडा ६० च्या पुढेमागे दिसतो. दुबई त्याच्या निम्म्या अंतरावर. न्यू जर्सीतल्या मावसभावाशी खेळायचं तर साडेबारा हजार किलोमीटर. कागदावरच १२५ आणि पडद्यावर २०० च्या आसपास किंवा वर. तिथे कुठलीही युक्ती गोड लागत नाही.

चित्र जात नाही, चाल जाते

बऱ्याच जणांची समजूत असते की समोरच्याच्या मशीनवरून चित्र येतं. तसं नाही. दोन्ही घरांत तोच गेम, स्वतंत्र, पूर्णच्या पूर्ण चालू असतो. फोनवरून बुद्धिबळ खेळणारे दोघं आपापल्या घरी पट मांडून बसतात आणि एकमेकांना फक्त चाल सांगतात, तसंच. दोघांनी नियम तंतोतंत पाळले तर दोन्ही पट कायम सारखे राहतात.

‘तंतोतंत’ हा इथे सगळ्यात महागडा भाग. तेच इनपुट, त्याच फ्रेमला दिलं तर दोन्ही मशीनवर शेवटच्या बिटपर्यंत तोच निकाल आला पाहिजे. गेममध्ये नशिबाचा भाग असेल तर दोन्हीकडे नशीबसुद्धा एकाच बीजापासून सुरू व्हायला हवं. एका प्रोसेसरने दशांश चिन्हानंतरचा सातवा अंक वेगळा धरला किंवा कुठल्या तरी कोपऱ्यात मेमरी साफ करायची राहिली, की एकाच्या पटावर घोडा एक घर सरकतो. पुढे दहा सेकंदांत एकाच्या पडद्यावर केन जिंकलेला आणि दुसऱ्याच्या पडद्यावर र्‍यू. याला डिसिंक म्हणतात. म्हणून गेम अधूनमधून दोन्हीकडच्या स्थितीचा ताळा काढून जुळवून बघतात. जुळला नाही तर मॅच रद्द.

जुनी रीत: थांबा

चाल पोचायला वेळ लागतो, तर मग तोवर करायचं काय? जुनं उत्तर होतं: थांबायचं. समोरच्याचं इनपुट पोचायला २ फ्रेम लागत असतील तर तुमचं स्वतःचं इनपुटही २-३ फ्रेम उशिराने लागू करायचं, म्हणजे दोघांची इनपुटं एकाच फ्रेमला हातात असतील. याला डिले नेटकोड म्हणतात; नेटकोड म्हणजे गेमचा ऑनलाइन खेळ सांभाळणारा भाग. बनवायला सोपं, दोन्ही पडद्यांवर एकाच वेळी तेच चित्र.

गाडं अडतं दोन ठिकाणी. एक म्हणजे हा उशीर दर मॅचला वेगळा. सिंगापूरच्या गड्यासमोर ३ फ्रेम, पुढच्या मॅचला दिल्लीच्या मुलासमोर २, जपानच्या माणसासमोर ५. कॉम्बो (एकापाठोपाठ जोडलेले वार) बोटांत बसलेला असतो तो ठरावीक तालावर. ताल दर पाच मिनिटांनी बदलला तर बोटं काय करणार? दुसरं त्याहून वाईट. एखादं पॅकेट रस्त्यात अडकलं की गेमला पुढची फ्रेम काढताच येत नाही. चित्र थबकतं, मग धावतं, पुन्हा थबकतं. पाण्याखाली भांडल्यासारखं वाटतं ते यामुळे. जपानमध्ये अंतरं छोटी आणि फायबर घरोघरी असल्यामुळे तिथल्या कंपन्यांना याची झळ फारशी लागली नाही, असं खेळाडू म्हणत आले आहेत, आणि त्यात तथ्य आहे: टोकियो–ओसाका अंतर ४०० किलोमीटरच आहे. अमेरिकेत किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत खेळणाऱ्यांचे मात्र हाल झाले.

नवी रीत: अंदाज बांधा, चुकला तर मागे जा

२००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर ‘स्ट्रीट फायटर २ हायपर फायटिंग’ आला, आणि त्याच्या ऑनलाइन खेळावर वैतागून टोनी कॅनन यांनी जीजीपीओ नावाची प्रणाली लिहिली. ‘इव्हो’ ही या खेळाची सगळ्यात मोठी स्पर्धा सुरू करणाऱ्यांपैकी ते एक. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये जीजीपीओचा कोड सगळ्यांसाठी मोफत खुला झाला. नेटकोडची ही पद्धत आज रोलबॅक म्हणून ओळखली जाते.

कल्पना धाडसी आहे: थांबायचंच नाही. समोरच्याचं इनपुट आलं नसेल तर ते काय असेल याचा अंदाज धरून खेळ पुढे न्यायचा. अंदाज चुकल्याचं नंतर कळलं तर मागे जाऊन दुरुस्त करायचं, आणि ते इतक्या झपाट्याने की पडद्यावर दुरुस्ती दिसूच नये.

आकडे घालून बघू. समजा समोरच्याचं इनपुट तुमच्यापर्यंत पोचायला ३ फ्रेम लागतात. १०२व्या फ्रेमपर्यंतचं त्याचं इनपुट तुमच्याकडे पक्कं आहे. तेव्हा तो बसून ब्लॉक करत होता. १०३, १०४, १०५ या फ्रेम तुमच्या मशीनने ‘तो अजून बसून ब्लॉकच करतोय’ असं धरून चालवल्या. १०६ सुरू होताना पॅकेट येतं: त्याने १०३ लाच मधल्या लाथेचं बटण दाबलं होतं.

आता मशीन काय करतं? १०३ च्या सुरुवातीला जतन केलेली स्थिती परत आणतं. त्यात दोन्ही पात्रं कुठे होती, किती रक्त उरलं होतं, कुठली हालचाल कितव्या फ्रेमला होती, हवेत गोळा होता का, सगळं असतं. मग १०३ खऱ्या इनपुटने पुन्हा चालवतं. १०४ आणि १०५ नव्या अंदाजाने चालवतं. त्यानंतर १०६. चारही फ्रेमांचं गणित झालं की पडद्यावर काढतं ती फक्त १०६वी. हे सगळं त्याच १६.६७ मिलिसेकंदांत.

तुम्हाला दिसलं काय? ती लाथ ८ फ्रेमांत लागणारी असेल तर तिच्या पहिल्या तीन फ्रेम तुमच्या पडद्यावर कधी आल्याच नाहीत. लाथ उगवली ती थेट चौथ्या फ्रेमपासून. पाय उचलण्याचा पहिला क्षण गेला, एवढंच. २६ फ्रेमांच्या ड्राइव्ह इम्पॅक्टमधून तीन गेल्या तर डोळ्याला पत्ताही लागत नाही. पण ४ फ्रेमांचा ठोसा तुम्हाला दिसतो तेव्हा तो जवळजवळ गालाला टेकलेला असतो. लेखाच्या सुरुवातीची तक्रार इथून जन्मते.

आणि तुमचं स्वतःचं बटण? ते लगेच लागतं. रोलबॅकचा सगळा जीव यात आहे. उशीर तुमच्या हातात न ठेवता समोरच्याच्या हालचालीच्या सुरुवातीत ढकललेला असतो, जिथे डोळा त्याला सगळ्यात कमी हरकत घेतो. अंतर मिटलेलं नसतं. ते कुठे दिसावं, हे बदललेलं असतं.

अंदाज म्हणून मशीन कुठलंही डोकं चालवत नाही. नियम एकच: मागच्या फ्रेमला जे होतं तेच आताही आहे. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण हिशेब करा. अगदी चुरशीच्या क्षणी माणूस सेकंदाला आठ-दहा वेळा इनपुट बदलतो. म्हणजे ६० पैकी ५० फ्रेमांत ते आधीसारखंच असतं. मागे चालणारा मागेच चालत असतो, ब्लॉक धरणारा ब्लॉकच धरून बसलेला असतो. शिवाय पात्र लाथ मारत असताना किंवा मार खाऊन कोलमडत असताना तुम्ही काहीही दाबलं तरी बहुतेकदा काही घडतच नाही. तिथे चुकलेला अंदाजही फुकटात जातो.

हे करून दाखवणं स्वस्त नाही

‘मग सगळ्यांनी पहिल्या दिवसापासून रोलबॅक का नाही घातलं’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर गेम बांधण्याच्या पद्धतीत आहे. साधा गेम एका फ्रेमचं काम १६ मिलिसेकंदांत उरकला की खूश असतो. रोलबॅकमध्ये त्याच वेळात आठ-आठ फ्रेमांचं गणित करायची वेळ येते. ‘मॉर्टल कॉम्बॅट एक्स’ २०१५ मध्ये डिलेवर आला होता आणि नंतर त्याला रोलबॅक बसवलं गेलं. तो बनवणाऱ्या नेदररेल्म स्टुडिओच्या अभियंत्याने २०१८ मध्ये त्यावर दिलेल्या व्याख्यानाचं नावच ‘१६ मिलिसेकंदांत ८ फ्रेम’ असं होतं. म्हणजे एका फ्रेमचं गणित २ मिलिसेकंदांत बसवायचं. त्यासाठी खेळाचं गणित आणि चित्र काढणं ही दोन कामं पूर्णपणे वेगळी करावी लागतात, आणि बनून गेलेल्या गेममध्ये ती सोडवणं म्हणजे विणलेला स्वेटर उसवणं.

आवाजाचा घोळ तर वेगळाच. अंदाजाच्या फ्रेममध्ये ठोसा लागला, ‘धाड’ वाजलं, आणि दुरुस्तीत कळलं की तो ब्लॉक झाला होता. चित्र परत फिरवता येतं. कानात गेलेला आवाज परत घेता येत नाही. मग चुकीचा आवाज हळूच विरवून टाकायचा, बरोबरचा मधूनच सुरू करायचा. आणि ‘के.ओ.’? रक्त शून्यावर आलं म्हणून लगेच कर्णा वाजवला आणि मागाहून तो जिवंत निघाला तर शोभा होईल. म्हणून चांगले गेम ती फ्रेम पक्की होईपर्यंत घोषणा रोखून धरतात.

सगळ्यात दुर्लक्षित अडचण घड्याळाची. दोन मशीन एकाच वेळी एकाच फ्रेमला असायला हवीत. समजा एक मशीन ४ फ्रेम पुढे निघून गेलं. त्याला समोरच्याची इनपुटं कायम उशिराच मिळणार, म्हणून सतत रोलबॅक. मागे असलेल्याला मात्र ती अगदी वेळेवर मिळणार, त्याचा पडदा लोण्यासारखा. तार एकच, अंतर एकच, पण एकाची मॅच नरक आणि दुसऱ्याची सुखाची. २०१६ च्या ‘स्ट्रीट फायटर ५’ची बदनामी मुख्यतः यामुळे झाली. २०२० च्या सुरुवातीला पीसीवरच्या एका खेळाडूने स्वतःच तोडगा काढून वाटला, आणि पुढच्याच महिन्यात गेम बनवणाऱ्या कॅपकॉमचं अधिकृत अपडेट आलं. उपाय तत्त्वतः सरळ आहे: जो पुढे गेला आहे त्याने अधूनमधून एखादी फ्रेम थबकून मागच्याला गाठू द्यायचं.

यातूनच एक गैरसमज निघाला की रोलबॅकमध्ये खराब नेटवाल्याचा फायदा होतो. घड्याळं जुळलेली असतील तर होत नाही. इनपुट ज्या फ्रेमला दाबलं त्याच फ्रेमला धरलं जातं, दोघांचंही. आणि कुणी मुद्दाम तार उपटून ठेवली तर? मागे जायला मर्यादा असते, साधारण सात-आठ फ्रेम. ती संपली की गेम दोघांसाठीही थांबतो.

आजचे बहुतेक गेम दोन्ही रीती मिसळतात. आधी २-३ फ्रेमांचा ठरावीक, न बदलणारा डिले; तेवढ्यात इनपुट पोचलं तर रोलबॅकची गरजच नाही. त्याहून उशीर झाला तरच अंदाज. डिले ठरावीक असल्यामुळे बोटांचा ताल बिघडत नाही. वर सांगितलेली, ३ फ्रेम उशिरा कळणारी लाथ २ फ्रेम डिलेच्या गेममध्ये फक्त एकच फ्रेम गाळून दिसेल.

२०२० मध्ये टाळेबंदी आली, स्पर्धा बंद पडल्या आणि नेटकोड हा एकदम पोटाचा प्रश्न झाला. इव्होने त्या वर्षी ऑनलाइन आवृत्ती जाहीर करताना ‘स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ गाळला आणि ‘मॉर्टल कॉम्बॅट ११’, ‘किलर इन्स्टिंक्ट’, ‘स्कलगर्ल्स’ असे रोलबॅकवाले गेम घेतले (तो सोहळा पुढे वेगळ्याच कारणाने रद्द झाला). त्याच वर्षी चाहत्यांनी २००१ च्या ‘स्मॅश ब्रदर्स मेली’ला स्लिपी नावाने रोलबॅक जोडलं, मुळात त्या गेममध्ये ऑनलाइन हा प्रकारच नव्हता. २०२१ मध्ये ‘गिल्टी गिअर स्ट्राइव्ह’, २०२२ मध्ये ‘किंग ऑफ फायटर्स १५’, २०२३ मध्ये ‘स्ट्रीट फायटर ६’. ‘ड्रॅगन बॉल फायटर झी’ला २०१८ च्या डिलेवरून रोलबॅकवर यायला २०२४ उजाडलं.

आता तुमच्या घरातलं

रोलबॅक ठरावीक अंतर छान लपवतो. त्याला जमत नाही ते अंतर सारखं बदलत राहणं. पिंग कायम ८० असेल तर बरं खेळता येतं. ३० वरून १५० वर आणि पुन्हा ३० वर उड्या मारणारं पिंग सरासरीत कमी दिसलं तरी पात्रं टेलिपोर्ट होत राहतात. या चढउताराला जिटर म्हणतात, आणि तो बहुतेकदा तुमच्या हॉल आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीत असतो.

तपासायला लॅपटॉप कन्सोलच्या जागी ठेवा आणि आधी बाहेरच्या जगाला सोडून आपल्या राउटरलाच शंभर वेळा पिंग करा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो; राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर सापडेल. केबलवर प्रत्येक उत्तर १ मिलिसेकंदाच्या आसपास यायला हवं. वाय-फायवर २, ३, २, ४, मग अचानक ६०, मग ३ असं दिसेल. तो ६० म्हणजे जवळपास ४ फ्रेम, आणि पॅकेट अजून घराबाहेरही पडलेलं नाही. घरातलं आधी नीट करा. त्यानंतरच कंपनीशी भांडण्यात अर्थ आहे.

वाय-फाय असं का वागतं? एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, बाकीचे वाट बघतात. दोघं एकदम बोलले तर दोघांनाही पुन्हा बोलावं लागतं. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११, आणि सोसायटीत वीस फ्लॅटचे वीस राउटर ती वाटून घेतात. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात गुणगुणतो. ५ गिगाहर्ट्‌झवर गर्दी कमी, पण भिंती पार करताना त्याचा जीव जातो. त्यामुळे सल्ला एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: लॅन केबल टाका. कॅट ५ई किंवा कॅट ६, कुठलीही चालेल. १०० मीटरपर्यंत दम असतो. चपटी केबल भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीखालून नेता येते. ‘स्ट्रीट फायटर ६’ समोरच्याला तुमच्या नावाशेजारी वाय-फायचं चिन्ह दाखवतो, आणि ते दिसताच मॅच नाकारणारे बरेच आहेत. त्यांना दोष देता येत नाही.

केबल टाकूनही रात्री नऊला गडबड होत असेल तर घरातल्या फोनवर संशय घ्या. कुणाचा तरी फोन लग्नाचे फोटो क्लाउडवर चढवत असतो, राउटरमध्ये अपलोडची रांग लागते आणि गेमचं चिमुकलं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं. अपलोड चालू करून पिंग बघा: २० चं २०० झालं तर दुखणं हेच. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (पॅकेटांची रांग सांभाळणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा. नसेल तर खेळताना बॅकअप बंद.

पिंग ठीक, पण काही जणांशी मॅच जुळतच नाही? तो बहुधा पत्त्याचा प्रश्न. बरेच फायटिंग गेम दोन घरांना थेट जोडतात, आणि आपल्याकडे अनेक फायबर जोडण्यांना स्वतंत्र पत्ता नसतो; शेकडो घरं एकाच पत्त्यामागे असतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात सुरू होत असेल तर तुम्हीही त्यांतलेच, आणि तिथे पोर्ट उघडण्याच्या खटपटीचा उपयोग नाही. कंपनीकडे स्टॅटिक आयपी (तुमचा एकट्याचा कायमचा पत्ता) मागा. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) चालू करून बघायला पैसे पडत नाहीत.

दोन गोष्टींचा नेटशी काही संबंध नसतो, तरी शिव्या नेटलाच बसतात. टीव्ही गेम मोडवर नसेल तर चित्र सजवण्यात तो तीन-चार फ्रेम सहज खातो. प्रॅक्टिस मोडमध्येही बटण उशिरा लागतंय असं वाटलं तर आधी ते बघा. आणि पीसीवर ग्राफिक्स इतकं चढवू नका की गेम जेमतेम ६० ला टेकेल. रोलबॅक आला की एका फ्रेममध्ये चार-पाच फ्रेमांचं गणित करायचं असतं. त्याला मोकळी जागा लागते. तुमचं मशीन मागे पडलं की समोरच्यालाही थांबावं लागतं.

हे सगळं करूनही काही फ्रेम जाणारच, तेव्हा खेळही थोडा वळवावा लागतो. सगळ्यात फसवी जागा म्हणजे हिट कन्फर्म, म्हणजे वार लागलेला बघून मगच पुढचा सोडणं. तुम्ही लाथ मारली, पडद्यावर ती लागली, म्हणून तुम्ही लगेच सुपर (राखून ठेवलेला जबर वार) दाबला. पण समोरच्याने ऐन शेवटच्या फ्रेमला मागे दाबून ब्लॉक केलं होतं, आणि ते पॅकेट अजून वाटेत होतं. दुरुस्ती होते, लागलेली लाथ ब्लॉक झालेली दिसते आणि तुमचा सुपर ढालीवर आपटतो. एका वारावर कन्फर्म करण्याची सवय ऑनलाइन महागात पडते. दोन वार लागू द्या: दुसरा लागेपर्यंत पहिल्याचा निकाल पक्का झालेला असतो. जवळ येऊन पकडणाऱ्याच्या बाबतीतही बघून सोडवण्याच्या भरवशावर राहू नका. ५ फ्रेमांच्या पकडीतल्या २ पडद्यावर आल्याच नाहीत तर बघायला उरतं काय? तिथे अंदाजच बांधायचा. आणि मॅच स्वीकारण्याआधी समोरच्याच्या जोडणीचा दर्जा दाखवणाऱ्या पट्ट्यांकडे नजर टाका. चार-पाच पट्ट्यांचा सिंगापूरवाला, दोन पट्ट्यांच्या आणि वाय-फायवरच्या शेजारच्या गल्लीतल्या मुलापेक्षा कधीही परवडतो.